बोरखेडीच्या थांब्यावर जगलेला माणूस

मेलेला माणूस एकदाच मरतो असं ज्याला वाटत असेल, त्याने आंजीला जाऊन माधवी पाझारेच्या घरी चहा पिऊन यावं. तिचे वडील नानाजी पाझारे परड चावून गेले त्याला बारा वर्षं झाली. परड म्हणजे घोणस; पण आमच्या वर्ध्याकडे घोणस म्हणाल तर लोक तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील. तर नानाजी गेले, पुण्यानुमोदन झालं, फोटो भिंतीवर चढला, जेवून लोक आपापल्या घरी गेले. आणि गेल्या उन्हाळ्यात हेच सभ्य, निर्व्यसनी गृहस्थ माधवीच्या कॉम्प्युटरात पुन्हा मरायला लागले. तेही एकदा मरून थांबले असते तर मी ही गोष्ट सांगायला बसलो नसतो.

नानाजी हे गावातल्या विहाराचे सेक्रेटरी. शिकले आठवीपर्यंत, पण खोटं बोलणाऱ्याचा त्यांना इतका तिटकारा की बाजारात भाव करतानासुद्धा बायको एक सांगायची आणि हे मधेच खरं सांगून मोकळे व्हायचे. रूपराव नावाचा एक विष उतरवणारा मांत्रिक बोरखेडीपलीकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहायचा. त्याच्या मंत्राचा नानाजींनी एकदा भर चौकात असा पंचनामा केला होता की रूपराव महिनाभर आंजीच्या बाजाराला फिरकला नाही. आणखी एक सवय होती त्यांची. घरात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याशी खाकरायचं. ते खाकरले की जिजाबाई, म्हणजे त्यांची बायको, हातातलं काम न सोडता पदर सारखा करायची. दोघांचं बोलणं असं फार नव्हतं. खाकरणं आणि पदर, एवढ्यावर संसार चालला.

माधवी ही एकुलती एक. वर्ध्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, रोज एसटीने जाते आणि एसटीने येते. लग्नाचा विषय काढायला आलेल्या तीन मावश्या तिने चहा पाजून परत पाठवल्या, चौथी आली नाही. तिचा अभ्यासाचा विषय ऐकला तर तुम्हाला वाटेल हे काय डोक्याला तेल लावायचं काम. पण आहे साधा. एक काम करायच्या आठ रीती असतील, आणि प्रत्यक्षात करून पाहणं परवडणारं नसेल, तर आठही कॉम्प्युटरात नकली उभ्या करायच्या, चालवून बघायच्या आणि त्यातून चांगली कोणती ते निवडायचं. गंमत अशी की नकली चालवली तरी दैव तिथंही असतंच. आज हिचा दिवस चांगला जातो, उद्या तिचा. उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणाराने, अशी गत. मग किती वेळा चालवायची, कोणती केव्हा बाद करायची, आणि शेवटी जी उचलली तीच चांगली याची खात्री किती, याचं ते शास्त्र.

वर्गात ती पोरांना म्हणायची, "शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एक असतं. आठ चुलींवर आठ पातेली असली आणि तुम्ही प्रत्येकातलं एकच शीत चेपून सांगितलं की हाच भात चांगला, तर तुम्हाला जेवायला बोलावणार नाही मी." पोरं हसायची. तिलाही तेव्हा हसू यायचं.

हिंगणघाटला जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले प्रभाकरराव हे आंजीचेच. बायको गेल्यावर तिच्या नावाने त्यांनी एक अँब्युलन्स घेतली, या भागातल्या गावांसाठी. गाडी आली, हार घातला, नारळ फुटला, आणि भांडण सुरू झालं. गाडी एक आणि ती उभी करायला जागा आठ. प्रत्येक गावाला ती आपल्याच दारात हवी. आंजीवाले म्हणाले आमचं गाव मोठं, खरांगण्याचे म्हणाले आम्ही दूर म्हणून आमची गरज मोठी, फाट्यावरच्या वस्तीचे म्हणाले आम्ही मधोमध, बोरखेडीचे तर येऊन ओसरीवर बसूनच राहिले.

प्रभाकररावांनी माधवीला बोलावलं. म्हणाले, "बेटा, मी ज्या गावाले देईन त्याच्याशिवाय बाकी सात गावं मले शिव्या देतील. तू मशीनवर पाहून सांग. मशीनले कोणी शिवी देत नाई."

माधवीने नियमाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला. "काका, रोगी दवाखान्यात पोचायला दोन जागांमध्ये सरासरी किती मिनिटांचा फरक असला तर तुम्ही तो फरक धरणार नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे दोन जागा जवळजवळ सारख्याच निघाल्या तर त्यातली कोणतीही चालेल, असं कुठवर म्हणायचं? ते आधी ठरवावं लागतं. नाहीतर मशीन जन्मभर दळत बसेल."

"दोन-चार मिनिटांचं काय घेऊन बसली," प्रभाकरराव म्हणाले. माधवीने चार लिहिलं.

मग ती गावोगाव फिरली. मागच्या वर्षांत कोणाला काय झालं, कुठं झालं, केव्हा झालं, गाडी केव्हा सांगितली, हे ओट्या-ओट्यावर बसून बायकांना विचारलं. अडलेल्या बाळंतिणी, छातीत कळ आलेले, विहिरीत पडलेले, साप चावलेले. लोकांनी सांगितलं. दुःख सांगायला माणूस कंजुषी करत नाही. शेवटी घरी येऊन तिने आईला विचारलं. घरचा मेलेला वगळून आठ गावांचे बाकीचे घ्यायचे, हे तिच्या मनाला पटेना. बाबा गेले तेव्हा ती नागपूरला हॉस्टेलवर होती, तिला ऐकीव तेवढंच ठाऊक होतं.

जिजाबाई भाकरी थापत होती. थापता-थापता म्हणाली, "आपल्या बोरखेडीच्या वावरात. दिवस कलताना चावली. तसाच फोन केला, जीप आली, नेलं." एवढं बोलून तिने भाकर तव्यावर टाकली, आणि ती भाकर त्या दिवशी करपली. जिजाबाईची भाकर करपत नाही, हे माधवीला नंतर आठवलं.

तर अशा सगळ्या माणसांचा मशीनमध्ये ढीग झाला. मशीन त्यातून चिठ्ठ्या उचलल्यासारखी माणसं उचलायचं, एक नकली वर्ष भरायचं, आणि तेच वर्ष आठही जागांना द्यायचं. पेपर एकच, पोरं आठ. त्याशिवाय न्याय कसा होणार? आंजीच्या गाडीला सोपे रोगी आणि बोरखेडीच्या गाडीला अवघड, असं व्हायला नको. म्हणून तोच साप, तीच बाळंतीण, तीच वेळ आठही ठिकाणी. फक्त गाडी कुठून निघते तेवढा फरक.

या कामात एक पथ्य असतं. बेरीज बघायची, एकेका माणसाकडे बघायचं नाही. माधवीने ते बरेच दिवस पाळलं. एका रविवारी दुपारी काहीतरी चूक निघाली म्हणून तिने एक नकली वर्ष उसवून पाहिलं, ओळीने. आणि त्यात एक ओळ आली. बोरखेडी शिवार, पुरुष, साप.

नाव नव्हतं, नावं तिने घातलीच नव्हती. पण आपला बाप ओळखायला नाव लागत नाही. आंजीच्या गाडीखाली पुढं लिहिलं होतं, मृत. खरांगण्याच्या, मृत. फाट्याच्या, मृत. ती खाली खाली वाचत गेली, सात वेळा मेले. आठवी जागा बोरखेडीचा थांबा. तिथं लिहिलं होतं, वाचला.

नेमकं त्याच वेळी उंबऱ्याशी कोणीतरी खाकरलं. तिने वळून पाहिलं, दारात कोणी नव्हतं. पण आत चुलीशी बसलेल्या जिजाबाईचा हात पदराकडे गेला होता.

आता ही खाकरण्याची गोष्ट मी मीठ-मिरची लावून सांगतो असं वाटेल. वाटू द्या. माधवी स्वतः भुताखेताच्या नावाने नाक मुरडणारी, नानाजींचीच पोरगी. तिने दार लावून घेतलं, शेजारच्या घरातला आवाज असेल म्हणाली, आणि पुन्हा ती ओळ वाचली. वाचला. मग दुसरं वर्ष उसवलं. कधी बाबा त्या वर्षात यायचेच नाहीत, कधी यायचे. आले की सात ठिकाणी मरायचे आणि बोरखेडीला बहुतेक वेळा जगायचे. हिशेब आपल्या जागी बरोबर होता. चावल्यावर इतक्या लवकर नेऊनही माणूस गेला म्हणजे विष जहाल, असं मशीनने धरलं होतं. आणि जहाल विषात काही मिनिटं पुढंमागं झाली की जीव इकडचा तिकडे होतो.

तेव्हापासून तिला नाद लागला. कॉलेजातून आली की हातपाय धुऊन बसायची आणि एकेक वर्ष उसवायची. बोरखेडीच्या रकान्यात बाप जगलेला पाहिला की तिला जेवण जायचं. नाही दिसला त्या दिवशी ताटावरून उठायची. कधी एसटीत डोळा लागला की तिला दिसायचं, बाबा थांब्यावर बसलेले, खांद्यावर दुपट्टा, पायाला पांढरी पट्टी, आणि गाडीची वाट पाहतायत. बाकीच्या सात थांब्यांवरून त्यांना उचलून नेताना दिसायचं, तोंडावर दुपट्टा. तिला खरंच भीती वाटायला लागली होती, आणि सुटकाही नको होती.

गाडी उभी करायला बोरखेडी ही जागा रद्दड होती हे सांगायला मशीनची गरज नाही. गाव एका कोपऱ्यात, मधे नाला. पावसाळ्यात नाला चढला की रस्ता बंद. पहिल्याच फेरीत ती सगळ्यांच्या मागे पडली. रिवाज असा की जी इतकी मागे पडली तिला तिथंच बाद करायचं, तिच्यावर वेळ दवडायचा नाही. माधवीने बाद केली नाही. म्हणाली, अजून थोडी वर्षं चालवून बघू, दैव फिरेल. नाही फिरलं. अजून चालवली. ज्या पोरीने वर्गात एका शिताची टवाळी केली, ती आता पातेलं उपसून आपल्याला हवं ते शीत शोधत बसली होती.

शेवटी तिने काय केलं? फरक न धरायची हद्द वाढवली. चार मिनिटांची होती ती पंधरा केली. गणितात एक अक्षर खोटं नाही. पंधरा मिनिटांचा फरक धरायचाच नाही म्हटल्यावर आठातल्या बऱ्याच जागा सारख्या ठरल्या, बोरखेडीसुद्धा. आणि सारख्यांतली कोणतीही उचलली तर शास्त्र काही म्हणत नाही. प्रभाकररावांनी मान डोलावली असती. गाव तर म्हणालं असतं, पोरगी पाहा कशी, स्वतःच्या गावाला गाडी घेतली नाही. चोराच्या हातात दिवा द्यावा तशी सगळी सोय झाली होती.

प्रभाकररावांना सांगायच्या आदल्या संध्याकाळी तिने ते आधी आईला सांगितलं. जिजाबाई दारात सूप घेऊन उडीद निवडत होती.

"आई, गाडी बोरखेडीच्या थांब्यावर राहणार."

"बोरखेडीले? काऊन वं? तिथं त कुत्रं बी उभं राहत नाई."

इतके दिवस एकटीने सांभाळलेलं ते माधवीने आईच्या ओटीत टाकलं. "तिथं गाडी असली ना, त बाबा वाचतात. मी कितीदा पाह्यलं. बाकी सगळीकडे जातात, तिथं वाचतात."

तिला वाटलं, आई रडेल, कदाचित जवळ घेईल. जिजाबाईचं सूप मधेच थांबलं.

"कसे वाचतात?" तिने विचारलं.

"दिवस कलताना चावली, तुम्ही तसाच फोन केला. गाडी जवळच असली की…"

"दिवस कलताना नाई चावली," जिजाबाई म्हणाली.

माधवीला आधी कळलंच नाही.

"सकाळी चावली. न्याहारी सोडाची होती. कापसाच्या पऱ्हाट्याच्या ढिगाखाली होती ते. त्याईनं पाय झटकला अन् मले म्हणे, परड होय, जीपवाल्याले फोन लाव. लावला मी. जीप लग्नाच्या वऱ्हाडात गेलती आर्वीले. येतो म्हणे वापस. मी वाट पाह्यली."

"किती वाट पाहिली?"

"चहाले उकळी येते ना, तेवढी. पाय फुगून राह्यला होता. मले काही सुचून नाई राह्यलं. बाजूच्या वावरातली बाई म्हणे, रूपराव इथंच हाय टोलीवर, मंतर मारून घे तवरिक, जीप येतेच हाय. मी बंडीले बैल जुपले, त्याईले टाकलं अन् वळवली तिकडे."

वाऱ्याने अंगणातलं चिपाड सरकलं तरी दोघी दचकल्या. मग जिजाबाईने जे बारा वर्षं दाताखाली धरलं होतं ते सोडून दिलं. रूपरावाने दिवसभर मंत्र घातले, पायाला दोर बांधला, लिंबाचा पाला खाऊ घातला. जीप येऊन वावरात कोणी नाही पाहून परत गेली. नानाजी त्या टोलीवर बाजेवर पडून होते. ज्याचा चौकात पंचनामा केला त्याच्याच दारात. दिवस कलताना दुसरी जीप मिळाली, तेव्हा कुठं दवाखाना.

"काही बोलले नाई का बाबा?"

"बंडीत होते तवा नाई म्हणून राह्यले होते. मी ऐकलं नाई. मंग टोलीवर बोललेच नाई. नुसते पाहत होते माह्याकडे. मी विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणारी बाई, सेक्रेटरीची बायको. मले कळत होतं मी काय करून राह्यली ते. हात थांबले नाई माहे. तेच पाहतात अजून. तुले वाटते मले ऐकू येत नाई, उंबऱ्यावर कोण खाकरते ते?"

माधवी भिंतीला टेकली. "मग दिवस कलताना कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, केव्हा चावली. मी तोंड उघडाच्या आत त्याईनं सांगतलं. दिवस कलताना. तसेच आलो, म्हणे. विहारातले आपले लोक जमले होते ना तिथं. जिंदगीत एकच लबाडी केली त्या माणसानं, अन् ते बी मले झाकाले."

माधवी म्हणाली, "आई, राहू दे. कोणाले सांगत नाही मी."

"तुह्या मशीनमंधी कोणती वेळ हाय?"

"बाबांनी सांगितलेली."

"त्यावरच गाडी बोरखेडीले चालली ना? मोड ते. खरी टाक."

"बाबांचा शेवटचा शब्द आहे तो. मोडू?"

"त्याईनं माह्यासाठी सांगतला होता," जिजाबाई म्हणाली. "आठ गावासाठी नाई."

आता माधवीचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. एका ठिकाणी तरी बाप जगत होता. बोट हलवलं की तिथलाही जाणार, आणि हलवणारी कोण तर ती स्वतः. ती आत गेली. जिजाबाई मागोमाग आली आणि खुर्चीमागे उभी राहिली. आधी माधवीने ती पंधराची हद्द पाहिली. चहाला उकळी येते तेवढ्यात आईने बंडी वळवली होती, आणि इथं आपण पंधरा मिनिटं फरकच नाही म्हणून बसलो होतो. तिला स्वतःची लाज वाटली. तिने पंधरा खोडून चारही ठेवले नाहीत, दोन घातले. मशीन दळेल जन्मभर तर दळू दे. मग नानाजींची वेळ खरी केली. चावली सकाळी, गाडी चढली संध्याकाळी. बोट कळीवर नेलं आणि ते तिथंच राहिलं.

जिजाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो उडदाच्या धुळीने पांढरट झालेला हात होता. माधवीने कळ दाबली.

जहाल विष आता जहाल राहिलं नव्हतं, दिवसभराचं झालं होतं. काही मिनिटांची गाडी त्याला कुठं पुरणार. ओळी भरत गेल्या. आठव्या रकान्यापर्यंत माधवीने वाचलं आणि डोळे मिटले.

"गेले?" जिजाबाईने विचारलं.

"गेले, आई."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

जिजाबाईने मान हलवली, जशी दवाखान्यात हलवली असेल. मग ती दारात जाऊन परत सूप घेऊन बसली. माधवीला तिच्याजवळ जायचं होतं, म्हणायचं होतं की तू जीप आली नाही म्हणून वळलीस, जीप आली असती तर वळली नसतीस. तेही खरंच होतं. पण सांगून काय उपयोग, ते जिजाबाईला तिच्याआधी ठाऊक होतं आणि त्याने तिचं काही हलकं झालं नव्हतं. त्या संध्याकाळी उंबऱ्यावर कोणी खाकरलं नाही. दोघींनाही ते जाणवलं आणि दोघींपैकी एकीलाही बरं वाटलं नाही.

बोरखेडी बाद झाली. उरलेल्यांत मशीनने बरेच दिवस दळून फाट्याची जागा काढली, आंजी आणि खरांगण्याच्या मधली. गाडी फाट्यावर उभी राहिली तेव्हा मंडप पडला, माइक लागला. प्रभाकरराव बोलले, सरपंच बोलले, खरांगण्याचे आणखी कोणी बोलले. लोक चहाची वाट पाहू लागले. इतक्यात बायकांच्या बाजूने जिजाबाई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. माइक तिने धरला नाही, तशीच बोलली.

"माह्या माणसाले परड चावली तवा मी त्याईले रूपरावाकडे नेलतं. दिवसभर ठेवलं. मंग दवाखान्यात नेलं. तुम्हाले आजवर येगळं सांगतलं. आता गाडी हाय, तवरिक-फवरिक काही करू नका. वाट पाहत बसा, पण बंडी वळवू नका." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदर सारखा केला.

विहारातली मंडळी खाली पाहू लागली. प्रभाकररावांनी चहा सांगितला. माधवी उठून आईजवळ जाऊन बसली.

चहा घेताना खरांगण्याची आनंदाबाई माधवीच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिची सून बाळंतपणात अडून गेली होती. ती हकीकत तिने माधवीला ओट्यावर बसून स्वतः सांगितली होती. कप हातात धरून ती हळूच म्हणाली, "बाई, माह्या सुनेची वेळ मी तुले खोटी सांगतली. आम्ही बी आधी दुसरीकडेच गेलतो." आणि मग तिच्यामागे आणखी एक बाई येऊन उभी राहिली.

ते सगळे ओटे माधवीच्या डोळ्यांपुढून गेले. घरोघरी कोणीतरी कोणाला झाकलं होतं, आणि त्या झाकलेल्या वेळांवर तिने एवढा डोलारा उभा केला होता. पुढच्या रविवारपासून मायलेकी पुन्हा निघाल्या. जिजाबाई ओट्यावर बसली की आधी आपली वेळ सांगायची, मग समोरची बाई आपली. नवा ढीग झाला, मशीन पुन्हा दळायला बसलं. जागा फाट्याचीच राहिली. पण माणसं आता पहिल्याहून जास्त मरत होती, आठही ठिकाणी. माधवीने तेही तसंच प्रभाकररावांना सांगितलं.

वावरात जायचं तर बोरखेडीचा थांबा वाटेत लागतो. एक टिनाचं छप्पर आणि सिमेंटचा बाक, दुसरं काही नाही. माधवी तिथून जाताना खाली मान घालून झपाझपा चालते, बाकाकडे बघत नाही. जिजाबाई तिच्यामागून येत असते. थांब्यापाशी आली की तिचं पाऊल जरा मंदावतं, आणि ती पदर सारखा करते.